दोन तास दहा मिनिटं

काचसामानाच्या चार पेट्या उतरवून घेतल्या आणि मी कारखान्याच्या फाटकावरच्या वहीत वेळ लिहीत होतो. दहा वाजून पाच मिनिटं. लोहगावच्या विमानतळावरून पेट्या घेऊन येणारा सोपानराव नावाचा माणूस भिंतीच्या सावलीला टेकून तंबाखू मळत होता. याआधी तो दोन-तीनदा येऊन गेला होता, पण आमचं बोलणं पेट्यांच्या पुढं गेलं नव्हतं. आज त्याला घाई नसावी. तुम्ही कुठले, असं त्यानं विचारलं. मी आकुर्डीचा म्हणालो. तेव्हा तो म्हणाला, आमच्या हैदराबादच्या तळावर एक ज्योतीराम म्हणून आहे, त्याची सासुरवाडी आकुर्डीचीच.

"त्याची बायको कालच आली की इमानानं. पोराला घेऊन. दर साली येती."

मी पाचाचा आकडा काढत होतो. तो पुरा झाला. सोपानराव हसत सांगत होता की पोरगं तीन वर्षांचं आहे पण भारी आगाऊ आहे, गेल्या साली विमानाच्या पंख्याच्या आवाजाला भिऊन त्याच्या कडेवर चढलं होतं आणि काल उतरल्या उतरल्या त्याची टोपी काढून घेऊन पळालं. तळावर काम करणाऱ्याच्या घरच्यांना वर्षातून एकदा विमानात फुकट जागा मिळते, असंही त्यानं सांगितलं. ती उतरते कुठं, असं मी विचारलं. माझा आवाज मला नेहमीसारखाच ऐकू आला. चऱ्होलीला मामाकडं, तो म्हणाला, आणि आज साडेचारच्या विमानानं परत. मग त्यानं तंबाखूची चिमूट माझ्यापुढं धरली. मी ती घेतली आणि हातात तशीच ठेवली. त्याची गाडी गेल्यावर पाहिलं तर वहीत दहा वाजून पाच मिनिटं दोनदा लिहिलेलं होतं, एकाखाली एक, जशा काही दोन गाड्या आल्या होत्या.

ज्योतीराम माझा जावई. त्याची बायको म्हणजे येसू, माझी एकुलती एक मुलगी यशोदा. लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि पाच वर्षांत ती एकदाही माहेरी आलेली नाही, हे मी सूर्य उगवतो तसं धरून चाललो होतो. तिला मूल झालेलं नाही, हेही तसंच धरून चाललो होतो. आणि माझी बायको शालन कालच सकाळी चऱ्होलीला भावाकडं गेली होती. दर साली याच महिन्यात ती दोन दिवस जाते. काल तिनं शेंगदाण्याचे लाडू एवढे बांधले की मी म्हणालोसुद्धा, मारुतरावाला दात राहिलेत का एवढे लाडू खायला. ती म्हणाली, घरात माणसं हायेत की. मी तिला बोचकं डोक्यावर ठेवायला हात लावला. पाच वर्षं मी त्या बोचक्याला हात लावत आलो होतो.

माझ्या जोडीला लक्ष्मणराव फाटकावर असायचा. त्याला म्हणालो, मला जायचं आहे, वही तू बघ. कारखाना आल्यापासून मी एक दिवस रजा काढलेली नव्हती. तो म्हणाला, का हो भिमाजीराव, या वयात दुसरं लगीन निघालं का काय? मी हसलो असेन. कारण तोही हसला. मग मी भोसरीच्या रस्त्याला लागलो. ऊन चढत होतं. डोक्यात एकच गोष्ट घोळत होती आणि ती अगदी क्षुल्लक होती. गेल्या वर्षी शालन चऱ्होलीहून परतली तेव्हा तिच्या लुगड्याच्या खांद्यावर दुधाचा वाळलेला डाग होता. मी तो पाहिला होता. मारुतरावाच्या म्हशीचं असेल म्हणून मी तो पाहिला आणि सोडून दिला.

आमच्या घरात मुली लांब देत नसत. त्याला कारण होतं. मुलीला पहिलं मूल होईपर्यंत बापानं तिच्या सासरी अन्न घ्यायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही, असा आमच्याकडं रिवाज. म्हणून सोयरीक अशी बघायची की सकाळची भाकरी खाऊन निघावं, लेकीचं तोंड बघावं आणि दिवेलागणीची भाकरी घरी येऊन खावी. माझ्या तिन्ही बहिणी अशाच दिल्या, एक तळवड्याला, एक रावेतला, एक मारुंजीला. माझा बाप मैल मोजत नव्हता. आमच्यात मैल कुणी चालत नाही, वेळ चालतात. म्हणून दौलतराव मध्यस्थानं जेव्हा मराठवाड्याकडच्या पोराचं स्थळ आणलं आणि पोरगा हैदराबादच्या विमानतळावर कामाला आहे म्हणाला, तेव्हा सगळी भाऊकी नाही म्हणून मोकळी झाली. रेल्वेनं गेलं तर एक रात्र आणि वर अर्धा दिवस. तेव्हा दौलतराव म्हणाला, रेल्वेनं कशाला? लोहगावावरून विमान आहे. सव्वातीनशे मैल, पण वेळ किती, तर दोन तास दहा मिनिटं. जावई तळावरचाच, जागेची सोय तो करणार.

सव्वातीनशे मैल हे शब्द मी ऐकले आणि ते कुठं गेले कळलं नाही. दोन तास दहा मिनिटं मात्र मला कळली. तेवढ्यात मी मोशीच्या पलीकडं जातो. बैठकीत मी उठून बोललो. आजही ते आठवलं की कान तापतात. मी म्हणालो, मारुंजीला पावसाळ्यात चिखलातून जायला तीन तास लागतात, मग मारुंजी लांब का हैदराबाद लांब? सकाळची भाकरी खाऊन निघेन आणि दिवे लागायच्या आत घरी येईन, रिवाज कुठं मोडला? म्हातारे एकमेकांकडं पाहू लागले. आपण सगळ्यांना गप्प केलं याचा मला आनंद झाला होता. त्या वर्षी इकडं जमिनींची मोजणी चालू होती, खुणेचे दगड रोवत होते, साहेब लोक जीपमधून उतरून आमच्याशी आम्ही उभी जनावरं असल्यासारखे बोलत होते. त्यांच्यापुढं मला म्हणायचं होतं की माझा जावई विमानाला हात लावतो. हे मी तेव्हा स्वतःला सांगितलं नाही. भोसरीच्या चढावर, उन्हात, पहिल्यांदा सांगितलं.

तरी मी अगदी बेफिकीर नव्हतो. शाळेच्या रंगराव मास्तरांकडून मी एक दिवस मनगटी घड्याळ मागून आणलं. मला तेव्हा लिहायला-वाचायला येत नव्हतं, ते पुढं पन्नाशी उलटल्यावर, फाटकावरच्या वहीसाठी शिकलो. पण मास्तरांनी काटे कसे बघायचे ते दाखवलं होतं. येसूला म्हणालो, चल, तुझं सासर किती लांब आहे ते तुला दाखवतो. ती सतरा वर्षांची होती. आम्ही आकुर्डीच्या देवळापासून निघालो आणि भोसरीवरून मोशीच्या रस्त्याला लागलो. मी बरोबर पावलं टाकत होतो, फार भरभर नाही, फार सावकाश नाही, कारण मला लबाडी करायची नव्हती. मोशी मागं पडली. नदीच्या उताराला एक बाभळ होती, तिच्यापाशी दोन तास दहा मिनिटं भरली. मी थांबलो आणि म्हणालो, हे बघ, हे हैदराबाद. मला हसू येत होतं. एक माणूस मेंढरं घेऊन चालला होता, त्यानं राम राम केला. येसूनं त्या बाभळीकडं पाहिलं, रस्त्याकडं पाहिलं.

"आबा, मला हितं सोडून तुमी माघारी जावा," ती म्हणाली. "मग कळल."

मी म्हणालो, येडी हायेस. आणि घड्याळ काढून कोपरीच्या खिशात ठेवलं. परतताना ती माझ्यापुढं चालत होती, एकदाही मागं वळली नाही, आणि मी मागून तिला सांगत होतो की पहिल्या दिवाळीला मुराळी म्हणून मी स्वतः येणार, दुसऱ्या कुणाला पाठवणार नाही, विमानात बसून येणार आणि तुला घेऊन येणार. तिनं ऐकलं की नाही ते मला पाठीवरून समजलं नाही.

लग्न झालं. मी तिला वेशीपर्यंत पोचवलं, बाप त्याच्या पुढं जात नाही. टांगा लोहगावकडं गेला आणि दुपारी डोक्यावरून एक विमान गेलं, तेव्हा मी गोठ्यात होतो. बाहेर येऊन वर पाहिलं. माझ्या शेजारी भाऊकीतले दोघं उभे होते. एक म्हणाला, आता पोचतीलच. आम्ही तिघं हसलो.

दिवाळी आली. ज्योतीरामनं जाण्याची जागा लावून ठेवली होती, कळवलंही होतं. शालननं फराळाचा डबा बांधला. मी धुतलेलं धोतर नेसलो, नवा फेटा बांधला आणि लोहगावला गेलो. तोपर्यंत मी विमान जवळून पाहिलेलं नव्हतं. आभाळातलं विमान हाताच्या बोटाएवढं असतं. हे घराएवढं होतं. शेपूट टेकवून, नाक वर करून ते बसलं होतं, मागच्या पायांवर टेकलेल्या जनावरासारखं, आणि त्याच्या पोटाला एक दार होतं. माणसं शिडीवरून चढून त्या दारातून आत जात होती आणि आत गेल्यावर दिसत नव्हती. मग पंखे फिरले. मी तारेच्या कुंपणापाशी उभा होतो. ती तार थरथरत होती आणि ते थरथरणं माझ्या हातातून दातांपर्यंत आलं. मी दोन तास दहा मिनिटं मोजली होती, पण ती माझ्या पायाखाली जमीन असताना मोजली होती. हे मला तिथं, त्या क्षणी कळलं. आणि मी गेलो नाही. डबा दिघीच्या माळावर एका धनगराला देऊन टाकला, उशिरा घरी पोचलो आणि शालनला म्हणालो, आज विमान आलंच नाही, इंजिन बिघडलं म्हणतात. ती म्हणाली, आसं व्हय. आणि तिनं चुलीत लाकूड सारलं.

पुढच्या वर्षी ज्योतीरामचं पत्र आलं, या म्हणून. मी गुडघा दुखतो म्हणालो. त्याच्या पुढच्या वर्षी जमिनीची कागदपत्रं होती. मग कारखाना आला, नोकरी आली, रजा नाही. ज्या तोंडानं मी हैदराबाद जवळ आहे हे गावाला पटवलं होतं, त्याच तोंडानं आता हैदराबाद लांब आहे असं सांगत होतो. कुणी मुलीची चौकशी केली की मी म्हणायचो, सव्वातीनशे मैल आहे बाबा. तो आकडा मला आता उपयोगाला आला होता. रोज डोक्यावरून विमान जायचं तेव्हा मी खाली बघायचो. मला वाटायचं, मी तिला इतकं लांब टाकलं की ती येऊच शकत नाही. हे दुःख होतं, पण त्यात मी राहू शकत होतो. त्याला भिंती होत्या. ती येऊ शकत होती आणि येत होती, दर साली, माझ्यापासून तीन तासांच्या चालीवर येऊन दोन दिवस राहून जात होती, हे असं होतं की घरात राहता राहता एक भिंत गेली आणि पलीकडं माणसं जेवायला बसलेली दिसली.

दिघीच्या पुढं मी थांबलो. कशासाठी चाललो आहे ते मला माहीत नव्हतं. जाब विचारायला? साडेचारचं विमान गेलं की शालन उद्या घरी येणार होती, भावाकडचं सगळं बरं आहे म्हणणार होती, मी आसं व्हय म्हणणार होतो. सगळं जसं होतं तसं चालू राहिलं असतं. परत फिरायला मला कुणी अडवत नव्हतं. पण तीन वर्षांचं पोरगं टोपी घेऊन पळालं, ते पळताना मला दिसत होतं, फक्त त्याला तोंड नव्हतं. त्याला तोंड कसलं आहे ते मला बघायचं होतं. आज नाही बघितलं तर मी परत कधी निघणार नाही, एवढं मी स्वतःला ओळखून होतो.

चऱ्होलीत पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. मारुतराव शेतावर गेला होता. अंगणात कडुनिंबाच्या सावलीत शालन बसली होती आणि तिच्या मांडीवर पोरगं झोपलं होतं. त्याचं तोंड तिच्या पोटाकडं होतं. मला फक्त त्याचा कान आणि मानेवरचा घाम दिसला. शालननं मान वर केली. ती दचकेल असं मला वाटलं होतं. ती दचकली नाही.

"आलात," ती म्हणाली.

मी विचारलं, किती वर्षं? माझा आवाज आता मात्र नेहमीसारखा नव्हता. ती म्हणाली, पैल्या सालापास्नं. मग हळूच, पोरगं जागं होऊ नये म्हणून अगदी हळू, तिनं सांगितलं की येसूनं तिला शपथ घातली होती. पण शपथेचं एवढं नव्हतं. तिनं स्वतःहूनच ठरवलं होतं.

"पोराचं कळलं असतं तर रिवाज सुटला असता," ती म्हणाली. "तुमाला जेवायला जावं लागलं असतं. आन् मग पुन्यांदा खोटं बोलावं लागलं असतं."

मी उभा होतो. ओसरीच्या दाराची चौकट, कडुनिंबाच्या काड्या, तिच्या हातातला पंखा, सगळं एकदम फार स्पष्ट दिसू लागलं. म्हणजे तिला माहीत होतं. ती आसं व्हय म्हणाली आणि तिनं चुलीत लाकूड सारलं, तेव्हापासून नसेल, पण त्यानंतर फार दिवस गेले नसतील. पाच वर्षं मी हिच्यासमोर बसून जेवत होतो.

येसू बाहेर आली. मी तिला ओळखलं, पण ओळखायला वेळ लागला. ती अंगानं भरली होती, गोल पातळ नेसली होती, आणि तिच्या मनगटावर बायकी घड्याळ होतं. आत जाऊन तिनं माझ्यासाठी पाण्याचा तांब्या आणला आणि माझ्यापुढं धरला. मी पाणी प्यालो. मग ती म्हणाली की त्या दिवाळीला ती ज्योतीरामबरोबर तळावर आली होती. सकाळपासून रांधून ठेवलं होतं, आबा खाणार नाहीत हे माहीत असूनही ठेवलं होतं. विमान वेळेवर उतरलं. एकेक माणूस उतरला. ज्योतीरामनं यादी आणून दाखवली. यादीत नाव होतं, माणूस नव्हता. आठ दिवसांनी आकुर्डीहून निरोप आला की विमान निघालंच नव्हतं.

"मला वाटलं, दिली म्हंजी संपलं, आसं तुमच्या मनात आसल," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला काही धरायला मिळालं असतं. "एवढंच सांगा आबा. त्या दिशी तुमी घरातनं निघालाच न्हवता का?"

तिला हेच हवं होतं, निघालो होतो की नाही. पाच वर्षं ती एवढ्याच प्रश्नापाशी बसली होती आणि मला वाटत होतं ती मैलांच्या पलीकडं बसली आहे. माझ्या तोंडात चालीची धूळ होती. मी म्हणालो, निघालो हुतो. लोहगावला पोचलो हुतो. तारेपाशी उभा हुतो. मग मी ते सांगितलं जे शालनला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही चालताना पुरतं सांगितलं नव्हतं. शिडीपाशी एक माणूस यादी घेऊन उभा होता. त्यानं माझं नाव पुकारलं, बापाच्या नावासकट. तीनदा पुकारलं. मी त्याच्यापासून वीस पावलांवर होतो, फेटा बांधून, डबा हातात घेऊन. त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा. मी दुसरंच कुणीतरी असल्यासारखा उभा राहिलो.

"का?" येसू म्हणाली.

"भ्यालो."

ती माझ्याकडं बघत होती. मग तिला हसू आलं. ते खरं हसू होतं, तिच्या लहानपणी बैल बिथरून मी शेणात पडलो होतो तेव्हा हसली होती तसलं, आणि क्षणभर मला वाटलं, सुटलो. पण ते थांबेना. पदर तोंडाशी धरून ती हसत होती, खांदे हलत होते, आणि शालननं मांडीवरचं पोरगं तसंच धरून दुसरा हात तिच्या पाठीवर ठेवला. भ्यालात, येसू म्हणाली, भ्यालात एवढंच. ते तिनं दोनदा-तीनदा म्हटलं. मग हसणं कुठंतरी संपलं आणि तिनं तोंड पुसलं.

"मी बी भ्याले हुते, आबा," ती म्हणाली. "मोशीच्या रस्त्याला भ्याले हुते तवाच सांगितलं. लगीन झाल्यावर लोहगावला उभी ऱ्हायले, तवा बी तसंच. माझं बी नाव पुकारलं त्यांनी. एकदाच पुकारलं. मी व्हय म्हनले."

पोरगं हाललं. शालननं त्याला थोपटलं. येसूनं घड्याळात पाहिलं आणि आता सामान बांधायला हवं असं म्हणून ती आत गेली. मी ओसरीच्या पायरीवर बसलो. बघणाऱ्याला वाटलं असतं, चालून आलेला माणूस विसाव्याला टेकला आहे.